माहेरचा ब्रेक

शेजारच्या सुभेदारकाकांची मोटारसायकल आमच्या अंगणात आली तेव्हा तिला हाताचा ब्रेक नव्हता. म्हणजे ब्रेक होता, पुढच्या चाकात व्यवस्थित होता, तिथपर्यंत जाणारी तारही होती. नव्हता तो फक्त हँडलवरचा दांडा, जो चार बोटांनी ओढायचा असतो. तो केव्हातरी मोडला होता आणि हँडलला धरून ठेवणारं त्याचं कडं तेवढं मागे राहिलं होतं. काकांनी तारेच्या टोकाला लाकडाची गुल्ली बांधली होती. 'ही ओढायची की थांबते,' असं त्यांनी मला लष्करी आवाजात सांगितलं, पण ओढायला हँडलवरचा हात सोडावा लागतो आणि मग गाडी कुठे जाईल ते तिच्या मर्जीवर असतं, हे सांगितलं नाही. ते मला मालधक्क्याच्या भिंतीनं सांगितलं. मागचा, पायाचा ब्रेक होता, पण तो थांबवत नसे, थांबण्याविषयी आपलं मत तेवढं देत असे.

गाडी विलायती होती, लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली, शेवाळी रंगाची. काकांचे गुडघे गेले आणि त्यांनी ती भाऊंना देऊन टाकली. भाऊ म्हणजे माझे वडील, जळगावच्या मालधक्क्यावर कारकून. दिवसभर केळीच्या वॅगनी भरून घेणं हे त्यांचं काम. कुठली वॅगन किती वाजता लागली, किती वाजता निघाली, याची त्यांना इतकी सवय झाली होती की घरातही आई भाकरी टाकायला बसली की ते घड्याळाकडे बघत. मोटारसायकलचं त्यांना काहीच करायचं नव्हतं. 'बापू, तुला हवी तर घे,' ते म्हणाले, 'नाहीतर कोंबड्या बसतील तिच्यावर.'

मला ती हवीच होती. मी इंटरला दुसऱ्यांदा आपटलो होतो आणि घरात माझं स्थान अंगणातल्या त्या गाडीइतकंच होतं. अशा वेळी आमच्या घरामागच्या जिनिंग फॅक्टरीत एक जागा निघाली. कपाशीच्या हंगामात गावोगाव फिरून माल बघायचा, शेतकऱ्याशी बोलायचं, संध्याकाळी येऊन मॅनेजरला सांगायचं. अट एकच, वाहन स्वतःचं हवं. मी ऐटीत जाऊन सांगितलं, की माझ्याकडे मोटारसायकल आहे. मॅनेजर बारीक, पांढरी टोपी घातलेले, कानात कापसाचा तंतू अडकलेले गृहस्थ होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, 'थांबते का?'

'काय?'

'चालते हे सगळेच सांगतात. मागच्या वर्षीचा माणूस चालवतच आला आणि एका बड्या शेतकऱ्याच्या कापसाच्या गाडीत घुसला. बैल उधळले. तो शेतकरी आता आमच्या दारात येत नाही. मला थांबणारा माणूस पाहिजे.' मग त्यांनी आवारातल्या कापसाच्या ढिगाकडे बोट केलं. 'हंगाम सुरू होईल त्या सोमवारी गाडी घेऊन ये. फाटकातून जोरात यायचं, ढिगाच्या अलीकडे उभं राहायचं. राहिलास तर काम तुझं.'

त्या सोमवारला महिनाभर होता. एक दांडा मिळवायला महिना म्हणजे चिक्कार, असं मला वाटलं. आज वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मी कुणालाही कुठल्याही सुट्या भागासाठी महिना पुरेल असं सांगत नाही.

पहिल्यांदा मी याकूबचाचांकडे गेलो. स्टेशनरोडला त्यांचं दुकान होतं, ट्रकपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं ते दुरुस्त करत. त्यांनी सायकलच्या ब्रेकचा दांडा लावून पाहिला, तो पहिल्या ओढीतच वाकला. मग आमच्या आळीतल्या लोहारानं एक दांडा घडवून दिला. मजबूत होता, इतका मजबूत की ओढायला दोन्ही हात लागत आणि एक पाय हँडलला टेकवावा लागे. लोहार म्हणाला, 'मोडणार तर नाही ना?' मी म्हणालो, नाही, मीच मोडेन. शेवटी याकूबचाचा म्हणाले, 'बापू, असं ठोकून-ठाकून नाही होणार. हँडलच्या मापाचा दांडा पाहिजे. धुळ्याला सुपडूनाना नावाचा माणूस आहे, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत. लिलावाचा माल भरलाय त्यानं पोत्यांनी. पण माणूस लहरी आहे. दुकानात आलेल्याला आधी गाव विचारतो. साक्रीकडचा माणूस दिसला की विरघळतो. तुझी आई तिकडचीच ना? सांग त्याला. चांगला माल काढेल.'

माझी आई साक्रीच्या पुढची, आंबेदरी नावाच्या डोंगराकडच्या गावची. तिथे आता तिचं कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले, सख्खा भाऊ कधी नव्हताच, चुलते जमीन विकून कुठे गुजरातेत गेले. माझ्या कळत्या वयात ती माहेरी गेल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या बायकांना दिवाळीत लुगडी यायची, त्या ती आईला दाखवायला आणायच्या, आणि आई पदराला हात लावून 'छान पोत आहे हो,' म्हणायची. मला तेव्हा त्यात काही दिसत नसे. मला फक्त ब्रेक दिसत होता.

तर मी मोडका दांडा, म्हणजे कड्यासकट राहिलेला तुकडा, नमुना म्हणून पिशवीत टाकला आणि सकाळच्या एस.टी.नं निघालो. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत माझ्या तोंडात धुळीचा घास जमा झाला होता. सुपडूनानांचं दुकान सापडलं. आत लोखंडाचे डोंगर आणि त्यांच्या मधोमध गादीवर बसलेला, गळ्यात काळा दोरा बांधलेला एक लठ्ठ, प्रसन्न माणूस. मी पिशवीत हात घातला आणि नमुना काढायच्या आधीच प्रश्न आला.

'कथाईन ऊना रे भाऊ?'

'जळगावहून.'

'जळगावना शे का?' चेहरा उतरला. तिथेच मी गप्प बसलो असतो, नमुना पुढे केला असता, तर अर्ध्या तासात काम संपलं असतं. पण माझ्या डोक्यात याकूबचाचांचा सल्ला. मी म्हणालो, 'आई आंबेदरीची आहे माझी.'

सुपडूनाना गादीवरून उठले. एवढा मोठा माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी पुन्हा पाहिला नाही. 'आंबेदरीनी? आरे, मनं गाव ते! मंग तू मना भाचा शे!' आणि मला काही कळायच्या आत त्यांनी वाकून माझ्या धुळीनं भरलेल्या पायांना हात लावला. आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडतो. मला हे ठाऊक होतं, पण ते घरातल्या कार्यात, पाटावर उभं राहून. दुकानात, ट्रकच्या स्प्रिंगांमध्ये उभं राहून कुणी माझ्या पाया पडेल अशी माझी तयारी नव्हती.

पुढचे तीन तास मी ब्रेकविषयी बोलायचा प्रयत्न केला. चहा आला. शेव आली. मग 'भाचा उपाशी जाई का?' म्हणून मागच्या घरात नेलं, मामींनी कढी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, वर ठेचा, वर तेल, आणि मी एक घास खाल्ला की ताटात दोन पडत. मी म्हणायचो, 'मामा, तो दांडा...' ते म्हणायचे, 'दांडा कुठं पळी जास?' शेवटी दुकानात परत आलो. मी नमुना काढला. मामांनी तो हातात घेतला, एक डोळा बारीक करून पाहिला, आणि शेजारच्या भंगाराच्या टोपलीत टाकून दिला.

'मामा, तो नमुना आहे!'

'मोडकं शे ते. मोडकं काय घरमां ठेवतंस?' असं म्हणून त्यांनी वरच्या फळीवरचं एक खोकं काढलं. त्यात तेलकट कागदात गुंडाळलेला एक दांडा होता. नवा कोरा. त्याच्यात मला माझा चेहरा दिसला, मागे मामांचा दिसला, त्याच्या मागे रस्ता दिसला. लांबलचक, टोकाला गोल गोळी. मग मी कडं बघितलं. ते कडं रुंद होतं. कुठल्यातरी मोठ्या, जाड हँडलाच्या गाडीचं होतं ते.

'मामा, हे जरा मोठं वाटतंय. मापून बघता का?'

त्यांचे हसरे गाल एकदम स्थिर झाले. 'भाचाले दिनेली वस्तू मापतंस का रे?' मी पाकिटाला हात घातला तेव्हा तर ते दुखावले, मला दिसलं. मग त्यांनी दांड्याला कुंकवाचं बोट लावलं, माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं, दांडा हातात दिला आणि पुन्हा पाया पडले. नवी टोपी, नवं उपरणं आणि न बसणारा ब्रेक घेऊन मी एस.टी.त बसलो. शेजारच्या माणसानं विचारलं, 'लग्न ठरलं का?'

घरी आलो तेव्हा भाऊ ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो की हा बसणार नाही, परत द्यावा लागेल. भाऊ हसायलाच लागले. 'लोकांच्या बायकांना माहेरून लुगडं येतं,' ते आतल्या दिशेनं ओरडले, 'तुला ब्रेक आला बघ!'

आई बाहेर आली. हात पिठाचे होते. पदरानं हात पुसले, माझ्या हातातून दांडा घेतला, त्यावरचं कुंकू पाहिलं. 'कोण म्हणालास? सुपडू? कुणाचा सुपडू?' मी सांगितलं तरी तिला ओळख पटेना. ती लग्न होऊन आली तेव्हा तो कुठे असेल, कोणत्या घरचा, काही सांगता येईना. तरी ती तो दांडा घेऊन आत गेली, देवाजवळ ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या चार बायका आमच्या घरी बोलावणं नसताना आल्या. आई त्यांना म्हणत होती, 'माझ्या दादानं दिलाय. बघा, किती चकचकीत आहे.' एक म्हणाली, 'पोत छान आहे हो.'

परत द्यायची गोष्ट तिथेच संपली.

आता माझ्या हालांची कथा ऐका. दांडा हँडलवर बसवला तर तो गोल फिरे. याकूबचाचांनी कड्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. हळू ओढला की ब्रेक छान लागायचा. जोरात ओढला की दांडा हँडलभोवती गरकन फिरून खाली बघायला लागायचा. म्हणजे घाई नसेल तेव्हा थांबणारी आणि घाई असेल तेव्हा न थांबणारी अशी गाडी मी तयार केली. मग ट्यूबचे दोन तुकडे घातले. मग तुपाच्या डब्याचा पत्रा कापून घातला. मग सुतळी गुंडाळून वर राळ ओतली, ती उन्हात वितळून माझ्या पाटलोणीवर आली. मी म्हणालो, हँडलला भोक पाडून खिळा ठोका. चाचा म्हणाले, 'ठोकतो. मग एक दिवस अर्धं हँडल तुझ्या हातात येईल आणि अर्धं गाडीवर राहील. कुठलं अर्धं घरी आणायचं ते तुझ्या आईला आधी विचारून ये.' शिवाय दांडा इतका लांब की माझी बोटं त्याच्यापर्यंत पोचायला हात मुठीवरून सरकवावा लागे. दिवसातून दहा वेळा मी आळीच्या तोंडापासून आमच्या दारातल्या चिंचेपर्यंत गाडी आणायचो आणि दहा वेळा चिंचेच्या पुढे जाऊन थांबायचो. जिनच्या यंत्रांची चाचणी सुरू झाली होती. ती दिवसभर मागे घुमत असायची आणि मला त्यात मॅनेजरांचा आवाज ऐकू यायचा, थांबते का, थांबते का.

एकदा वैतागून मी तो दांडा काढून परत ती लाकडी गुल्ली बांधली. आई रोज सकाळी अंगण झाडल्यावर त्या दांड्यावरून फडकं फिरवत असे, देवाच्या भांड्यावरून फिरवावं तसं. तिनं गुल्ली पाहिली. त्या दिवशी जेवायला बसलो तर वरण अळणी, भाजी अळणी, भाकरीही अळणी. भाऊंनी एक घास खाल्ला आणि मला म्हणाले, 'बापू, काय काढलंस ते परत लाव.'

भाऊ तोंडानं मात्र थांबत नव्हते. 'तुझ्या दादाचा ब्रेक काय म्हणतोय?' हे ते रोज विचारत. 'तुमच्या आंबेदरीला गाड्या थांबवत नसतील, डोंगर आला की आपोआप थांबत असतील.' एका शनिवारी आईचा संयम सुटला. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि म्हणाली, 'बापू, गाडी काढ. मी बसते मागे. बाजारात नेऊन आण मला. बघू दे यांना.'

'आई, अगं...'

'काढ म्हणते ना!'

आई कधी गाडीवर बसली नव्हती. नऊवारी सावरून, एका अंगानं, माझ्या खांद्यात नखं रुतवून ती बसली. भाऊ ओट्यावर उभे राहून बघत होते. मी इतकी हळू गाडी नेली की एक गाय आमच्या पुढे निघून गेली. पहिल्या वळणावर ब्रेक ओढला, लागला. दुसऱ्या वळणावर लागला. आई कानाशी म्हणाली, 'बघ. लागतो की नाही?' आणि मग, मला अजूनही त्या क्षणाचा राग येतो, तिनं मला सांगितलं, 'जरा जोरात ने.' बाजाराचा उतार आला. समोर एक सायकलवाला आडवा आला. मी ओढला, जीव खाऊन ओढला, आणि दांडा गरकन फिरला आणि जमिनीकडे बघायला लागला. मागच्या ब्रेकनं आपलं मत दिलं. सायकलवाला वाचला. पुढे भरताच्या वांग्यांचा ढीग होता, हिरव्या, गोल, मोठमोठ्या, आणि आमचं पुढचं चाक त्यात शिरून तिथेच थांबलं. आई माझ्या पाठीवर आदळली, मी हँडलवर आदळलो, आणि वांगीवाली बाई उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

लोक जमले. मी आईकडे बघितलं. तिच्या कोपराला खरचटलं होतं, बांगडी फुटली होती. ती उतरली, पदर सारखा केला, आणि फुटलेली वांगी एकेक उचलून ओच्यात घ्यायला लागली. वांगीवाली तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, 'ओरडू नको, बाई. भरीतच करायचं होतं.'

घरी आम्ही गाडी ढकलत आणली. आईनं वांगी चुलीत भाजली, ठेचली, मिरची-लसूण-शेंगदाणे घातले, कांद्याची पात घातली. उत्तम भरीत झालं होतं. भाऊंनी तिच्या कोपराकडे बघितलं, तिच्या मनगटाकडे बघितलं, आणि ब्रेकविषयी एक अक्षर बोलले नाहीत. हे इतकं विचित्र होतं की मला घास जाईना. जेवणं झाल्यावर आई उठली, शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, अंगणात गेली, आणि गाडीच्या हँडलभोवती तो गुंडाळून गाठ मारली. कासार बांगड्यांसाठी मनगटाचं माप घेतो तसं. महिनाभर मी, याकूबचाचा आणि लोहार असे तीन पुरुष त्या हँडलशी झगडत होतो. नमुना धुळ्याच्या टोपलीत गेल्यापासून दोऱ्यानं माप घ्यायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

'उद्या रविवार आहे,' ती म्हणाली. 'धुळ्याला जायचं. परवा तुझा सोमवार ना?'

एस.टी.त तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दांडा फडक्यात गुंडाळलेला, त्याच्याबरोबर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चळत आणि एक नारळ. मला वाटत होतं, ही आता तिथे जाऊन रडेल, ते आणखी एक नवा कोरा दांडा देतील, आणि सोमवारी मी कापसाच्या ढिगात. दुकानाशी आलो. सुपडूमामा गादीवर होते. ते मला बघून हसले, मग मागे उभ्या असलेल्या बाईकडे बघून थांबले. आई उंबऱ्याशी तशीच उभी. दोघं एकमेकांना ओळखत नव्हती. आयुष्यात कधी भेटली नव्हती.

'मी आंबेदरीनी,' आई म्हणाली. 'आंबाना झाडजोडे घर व्हतं आमनं.'

आमच्या घरात आई अहिराणी बोलत नसे. लग्न होऊन आली तेव्हा भाऊ आणि माझ्या आत्या तिच्या बोलण्याला हसले होते, तेव्हापासून तिनं ती बंद केली होती. मी तिच्या तोंडून ती कधी ऐकली नव्हती. मामा उठले, हात जोडले, 'ये वं बहीण, बस,' म्हणाले, आणि तेवढ्यात आईनं फडकं सोडून तो चकचकीत दांडा त्यांच्या गादीवर ठेवला.

'दादा, तुना दांडा फिरस.'

'काय?'

'फिरस! मना पोऱ्या मरता मरता वाचना काल. मी बी मागे व्हतू.' तिनं कोपर पुढे केलं. 'हाई दख!'

'अक्का, नवा कोरा दिधा व्हता मी...'

'नवा दिधा, बसना का? माप लेवाले काय व्हयनं व्हतं तुले?'

'भाचानं माप कोनी लेस का वं?'

'भाचाले मारतंस का मंग?' आईचा आवाज वाढला. शेजारचा टायरवाला बाहेर आला. माझी आई, जी घरात भाऊंच्या समोर पाणीसुद्धा आवाज न करता ठेवायची, ती धुळ्याच्या भर गल्लीत कमरेला पदर खोचून एका अनोळखी माणसाला झाडत होती. तिनं दोऱ्याचं वेटोळं त्यांच्या नाकासमोर धरलं. 'हाई माप शे. याना दांडा दे. नही ते सांग नही म्हनी, मी जास.'

मामांनी दोरा बोटात घालून पाहिला. खाली बघितलं. मग फार हळू, चोरी पकडल्यासारखे म्हणाले, 'शे.'

'काय शे?'

'या मापना दांडा शे. तव्हय बी व्हता. पन जुना शे वं, अक्का. लष्करमां वापरेल. रंग उडेल, घासायेल. जुनी वस्तू भाचाले कशी दिऊ? गावमां तोंड कसं दाखाडू?'

मी मटकन तिथल्या एका रिमवर बसलो. महिनाभर. ट्यूब, पत्रा, राळ, वांगी. आणि तो दांडा पहिल्या दिवशी, माझ्यापासून चार हातांवर, एका पोत्यात होता. या माणसानं नमुना बघितला होता, ओळखला होता, आणि माझा मान राखायचा म्हणून टोपलीत टाकला होता.

'काढ,' आई म्हणाली.

मामांनी पोतं उलटं केलं. शेवाळी रंगाचे ओरखडे असलेला, आखूड, टोकाला झिजलेला एक दांडा निघाला. आईनं कड्यात दोरा ठेवून पाहिला. बरोब्बर. तिनं तो पदरात घेतला, आणि मग तिचे डोळे भरून आले. मामांचेही आले. 'चाळीस वरीस व्हयनात गाव सोडीसन,' ते म्हणाले, 'इतला कोनी मनाशी भांडना नही.' मग मामी बाहेर आल्या, आईला आत नेलं, आणि तिथून मला बराच वेळ दोघींचं हसणं ऐकू येत राहिलं. मी आत डोकावलो तर आई पाटावर बसून, मोठ्या आवाजात, मी कधी न ऐकलेल्या भाषेत, कुठल्यातरी आंब्याच्या झाडाची, कुठल्यातरी विहिरीची गोष्ट सांगत होती आणि मध्येच मामांना 'तुले काय म्हाईत!' म्हणून दटावत होती. निघताना मामा स्टँडवर आले. जुन्या दांड्याचा सल त्यांच्या मनातून गेला नव्हता. एस.टी. सुटता सुटता त्यांनी खिडकीतून एक खोकं आत टाकलं. त्यात रबराचा फुगा असलेला पितळी भोंगा होता. नवा कोरा.

सोमवारी सकाळी याकूबचाचांनी दांडा बसवला. दोन बोल्ट, पाना चार वेळा फिरवला, संपलं. माझी बोटं त्याच्यावर आपसूक जाऊन बसली. मी जिनच्या फाटकातून डोळे मिटावेसे वाटतील इतक्या वेगानं आत शिरलो, कापसाचा ढीग पांढरा, प्रचंड, अंगावर आला, मी ओढला, आणि गाडी उभी राहिली. पुढच्या चाकावर उडालेला कापसाचा एक पुंजका येऊन बसला तेवढाच. मॅनेजर सावलीतून आले, चाकाकडे बघितलं, 'हं,' म्हणाले, 'उद्यापासून ये.' एवढंच. मला निदान टाळ्यांची अपेक्षा होती. त्या कामात मी पुढे अठरा वर्षं काढली आणि त्यांच्याकडून त्या 'हं'पेक्षा मोठी शाबासकी कधी मिळाली नाही.

घरी आलो. आईनं चाकावरचा कापूस बोटांनी काढला, माझ्याकडे बघितलं, आणि मी काही सांगायच्या आधीच आत जाऊन गुळाचा खडा आणला. भाऊ मालधक्क्यावरून आले तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. भाऊंनी गाडीला एक चक्कर मारली, जुन्या दांड्यावरचे ओरखडे बघितले. मला वाटलं, आता काहीतरी येणार.

'बसला का ब्रेक?'

'बसला,' आई तांदळातून मान वर न करता म्हणाली. 'पण दादानं तो भोंगा दिलाय ना, त्याचा आवाज काही मला धड वाटत नाही. जाऊन सांगावं लागेल त्याला.'

भाऊंनी तिच्याकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. भाऊ पुढे झाले आणि त्यांनी हँडलवर बसवलेल्या भोंग्याचा फुगा सगळ्या मुठीनं दाबला. असा खणखणीत आवाज आळीत कुणी ऐकला नसेल. पलीकडच्या अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या, दोन दारं उघडली, कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

भाऊंनी मान तिरकी करून, तो आवाज विरेपर्यंत ऐकला.

'अगदीच भिकार आहे,' ते म्हणाले. 'पुढच्या रविवारी जाऊन ये. असं चालायचं नाही म्हणावं.'